मामा, पहाटेची हाक कोण मारणार?

हे वाचायला घेतलंय त्यांनी आधी रुमाल खिशात ठेवा. तुम्हाला वाटतंय, आता 'हसतमुख, मनमिळाऊ, प्रभूचे विश्वासू सेवक' सुरू होणार. मग जन्म, शिक्षण, केंद्र सरकारची नोकरी, आणि खाली पेटलेल्या मेणबत्तीचं चित्र. सेक्रेटरी काकांनी आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या अंकासाठी फोनवर तेच मागितलं होतं. "अभिषेक बेटा, शिरसाठ साहेबांवर एक पान लिही. तू भाचा. सभ्य भाषेत लिही, ओके?" एक पानही जमणार नाही आणि सभ्य भाषाही जमणार नाही. 'त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली' हे वाक्य ज्यांना हवंय त्यांनी मागचा कुठलाही अंक काढून वाचावा. नाव बदललं की झालं.

मला मामाशी बोलायचंय. तुम्ही बाजूला बसून ऐकलंत तर माझी ना नाही.

तर मामा, तू मेलास.

हा शब्द आधी लिहून टाकतो, कारण त्या दिवसापासून तो कुणी तोंडातून काढलेला नाही. तू गेलास, निजलास, विसावलास, प्रभूने तुला बोलावून घेतलं. एका बाईंनी तर 'हरपले' म्हटलं, जणू तू छत्री आहेस आणि मेट्रोत राहून गेलास. तू असतास तर खेकसला असतास. तुझं ठरलेलं होतं, "मेला म्हणा रे सरळ. जो मेलाच नाही तो उठणार कुठून?"

तुला माती देऊन आलो त्या संध्याकाळी आपल्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये भाड्याच्या लाल खुर्च्या टाकल्या होत्या आणि त्यांवर बसून अख्खी मंडळी तुझं मरण पुसून टाकायच्या कामाला लागली होती. सेक्रेटरी काका सफारीत आले. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस मयतीला पण सफारी घालतो, जणू वरून इन्स्पेक्शन आहे. मामीसमोर खुर्ची ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "वहिनी, असं समजा, शिरसाठ साहेबांची ट्रान्सफर झाली. हेड ऑफिसला."

मामीने पदराने खुर्चीचा हात पुसला.

काकांना वाटलं, मुद्दा पोचला नाही. "प्रमोशनवर," ते म्हणाले.

मी किचनमधून विचारणारच होतो, टीए-डीए मिळणार का म्हणून. पण मामीने माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर तुला माहितीय. मी चहा गाळत राहिलो. आयुष्यभर फायली सरकवलेल्या माणसाला देव पण फाइल सरकवणाराच दिसणार, दुसरं काय. काकांच्या स्वर्गात लिफ्ट बंद असेल आणि लंच दीड ते साडेतीन.

मग आपले पाळक साहेब. चांगला माणूस आहे, मान्य. पण प्रवचन द्यायला लागला की शाळेचं निबंधाचं पुस्तक उघडतं. "जसा शिशिरानंतर वसंत येतो, झाडांना नवी पालवी फुटते, तसं पुनरुत्थान." मामा, तू दरवर्षी हे ऐकून मला कोपराने ढोसायचास. "पालवी दरवर्षी येते रे अभ्या. तिला आशा कशाला लागते? कॅलेंडर लागतं." आणि दिल्लीत तर ईस्टरच्या सुमाराला पानं गळतात! चर्चच्या आवारातला पिंपळ ढिगाने पानं टाकत असतो, झाडूवाला शिव्या देत असतो, आणि आत आमची पालवी चालू. खिडकीतून बाहेर बघायचे कष्ट तरी घ्या यार.

त्या संध्याकाळभरात एकच खरं बोलणं झालं, ते समोरच्या सरदारनी आंटींशी. त्या मामीचा हात धरून म्हणाल्या, "भैणजी, भाईसाहब की आत्मा को शांति मिले."

मामी म्हणाली, "शांति में तो ये पाँच मिनट नहीं बैठते थे, जी."

आणि दोघी एकदम हसल्या आणि त्याच हसण्यात रडायला लागल्या. बाकी सगळे घड्याळ बघायला लागले.

व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा पेन्शनच्या कार्डावरचा फोटो पांढऱ्या फुलांत घालून फिरवला. त्या फोटोत तू चोर दिसतोस. खाली हात जोडलेले इमोजी. आणि त्याच ग्रुपवर, त्याच्याच खाली, कुणाचा तरी गुड मॉर्निंग, कॉफीच्या कपासकट. मी ते स्क्रीनवर वरखाली करत बसलो. तू, कॉफी. तू, कॉफी.

मामा, राहुरीच्या शाळेत मला सगळ्या मास्तरांचे आवाज काढता यायचे, आणि तेवढंच यायचं. आईने तुझ्याकडे पाठवलं तेव्हा सांगितलं होतं, "पोरगं वाया गेलंय, पण बोलतं छान." तुम्हाला मूलबाळ नाही, आणि मला दिल्लीत कुणी नाही. मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासायची नोकरी लागली, तिकडेच चौघांत एक खोली घेतली, पण शनिवारची शिफ्ट सुटली की कंपनीची बस, मग मेट्रो, आणि मी तुझ्या दारात. तू दार उघडायचास आणि 'ये' म्हणायच्या आधी ऑर्डर सोडायचास, "सेक्रेटरी!" मी चपला न काढता सेक्रेटरी काका करायचो. मग पाळक. मग मेट्रोतली बाई, अगला स्टेशन. तू भिंतीला हात टेकून हसायचास. मामी आतून ओरडायची, "त्याला आधी पाणी तर द्या!"

तुझा आवाज मात्र जमायचा नाही. किती केला. तू तोंड वाकडं करायचास, "मी असा बोलत नाही." मामी पण म्हणायची, "छे, हे नाही असे." तुझ्या आवाजात काहीतरी खरखरीत होतं, घशात वाळू असल्यासारखं, ते माझ्या घशातून निघायचंच नाही.

आणि मग जेवण होईपर्यंत भांडण. बाल्कनीत बसून तू सुके बोंबील निवडायचास. आयएनए मार्केटातून हौसेने आणायचास, आणि वासाने खालच्या मजल्याची खिडकी धाडकन बंद व्हायची. मी मुद्दाम काडी टाकायचो, "मामा, प्रभू उठला-बिठला ठीक आहे. आत्मा अमर असतो, तेवढंच म्हणायचंय ना?"

झालं. बोंबील खाली.

"आत्म्याचं नाव काढू नको माझ्यासमोर. आत्मा उडून गेला एवढंच असतं तर तो दगड कशाला सरकला कबरीवरचा? वाफेला दार उघडून द्यावं लागतं का? आणि मासा खाल्ला त्याने उठल्यावर. भाजलेला मासा! आत्मे मासे खातात?"

"मग बंद दारातून आत कसा आला?"

"ते नवं शरीर."

"अच्छा. सोयीचं आहे. भूक जुनी, चालणं नवं."

"तू गप."

"आणि तू कसला उठणार? ह्या गुडघ्यासकट? का कॉलेजातला तू? कवळीचं काय? कानातल्या मशीनची बॅटरी तिथे मिळते?"

तू चिडायचास पण उत्तर द्यायचास, हे मला आवडायचं. पाळकांना विचारलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली असती. तू म्हणालास, "त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. उठल्यावर पण होत्या. थोमाने, त्या शंका घेणाऱ्या शिष्याने, बघितल्या. म्हणजे जे झालं ते पुसत नाही तो. माझा गुडघा राहील. दुखणार नाही, एवढंच."

"आणि नाहीच उठलास तर?"

हे मी अगदी शेवटच्या शनिवारी विचारलं होतं. तू बोंबलाचं डोकं मोडलंस, तोंड उघडलंस, आणि बेल वाजली. गॅसवाला. तू पासबुक शोधायला गेलास, मग सिलिंडर हलका आहे म्हणून त्याच्याशी वाद घातलास, मग मॅच सुरू झाली. मी परत विचारलं नाही. मला वाटलं, पुढच्या शनिवारी विचारू. यार मामा, एवढा मोठा प्रश्न, आणि मध्ये गॅसवाला.

त्यानंतर तू मेलास, उपवासकाळाच्या मध्यावर, ईस्टरचं सामान घरात यायच्या आधी. टायमिंग कधीच नव्हतं तुझं.

आता जे दिल्लीतल्या आपल्या मंडळीत नाहीत त्यांना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची मराठी मंडळी म्हणजे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले आणि रिटायर होऊन फरीदाबादला फ्लॅट घेतलेले लोक. स्वतःचं चर्च नाही. हिंदी मंडळीचं चर्च ईस्टरच्या पहाटे आम्हाला मिळतं, त्यांची उपासना सुरू व्हायच्या आधी. तिथे आम्ही सगळे अंधारात बसतो, दिवे बंद. एकजण फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहतो आणि तिथून तीन वेळा हाक मारतो, 'प्रभू उठला आहे!' आतून सगळे म्हणतात, 'खरोखर उठला आहे!' तिसऱ्या उत्तरानंतर मेणबत्त्या पेटतात. गावाकडची ही रीत मामाने दिल्लीत आणली आणि कायम हाक त्यानेच मारली.

आणि काय मारायचास मामा! ऑफिसात तुझं इंग्रजी, बाजारात हिंदी, उपासनेत शुद्ध मराठी. पण फाटकाबाहेर गेलास की तुझ्या घशातून आपला गाव निघायचा. 'प्रभू उठला हाय रंऽऽ!' हरवलेली म्हैस सापडल्यावर ओढ्यापलीकडच्या वस्तीला ओरडून सांगतात ना, तसं. रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागायची. दिल्लीत वाढलेली आपली पोरं, ज्यांना 'खरोखर' हा शब्द वर्षातून एकदाच लागतो, ती पण दचकून नीट उच्चारायची.

तर तुझ्यामागे प्रश्न पडला, हाक कोण मारणार. कमिटीची मीटिंग झाली. कमिटीला तुझ्या मरणाने रडू आलं नाही, अजेंडा आला. ठरलं, सेक्रेटरी काका मारणार. ज्येष्ठ आहेत. ज्येष्ठ तर कुतुबमिनार पण आहे.

पण ते सोड. खरी गोष्ट वेगळीच झाली. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, उपासनेवरून आल्यावर मामी भाजी चिरत होती. पाळक साहेब आले होते, सेक्रेटरी काका पण. ईस्टरचं बोलणं निघालं आणि मामी मान खाली घालूनच म्हणाली, "मी पहाटे येईन. पण मला ते उत्तर द्यायला सांगू नका."

"कुठलं उत्तर?" पाळकांनी विचारलं.

"खरोखर उठला आहे. माझ्या तोंडून नाही निघायचं. काढलं तर खोटं निघेल, आणि प्रभूच्या दारात मी खोटं नाही बोलायची."

पाळक म्हणाले, "बाई, आपण प्रार्थना करू." काका म्हणाले, "वहिनी, लोक तुमच्याकडे बघतात. मॅसेज काय जाईल?" मॅसेज! ह्यांना रिकाम्या कबरीचं पण सर्क्युलर काढायचंय. मामीने भोपळ्याचा एक तुकडा इतक्या जोरात कापला की काकांनी चहा संपवला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "मामी, नको देऊस उत्तर. तुझ्यावाचून अडतंय का? मी तर दरवर्षी नुसतं तोंड हलवतो."

"तुझं वेगळं आहे," ती म्हणाली. "तू कधी खरं म्हटलंच नाहीस, तुला खोटं कसं लागणार?"

मामा, हे मला लागलं. खरं सांगतो, मला वाटलं नव्हतं लागेल. मी तुमची टिंगल करायचो, ती तुमच्या भिंतीला पाठ टेकून. तू आणि मामी दोघं तिथे पक्के उभे आहात, म्हणून मला पाय पसरून दात काढता यायचे. तू पडलास, ठीक आहे, तू परत उठायचं बोलून पडलास. पण मामीपण हलली तर मी टेकायचं कुठे? मला त्या आठवड्यात देव हवा होता का नव्हता, माहीत नाही. मामीने ती तीन शब्दांची ओळ म्हणावी, एवढं मात्र मला हवं होतं. बिल्कुल हवंच होतं.

तिकडे मानेसरला खोलीतल्या मित्राने विचारलं, "भाई, तेरा ईस्टर है ना? अंडा-वंडा खिलाएगा?" गुडगावच्या मॉलमध्ये कुणाला तरी सशाच्या कपड्यात उभं केलं होतं, गुलाबी कान, घामाघूम. लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते. ज्या गोष्टीवर तू अख्खा जन्म पैज लावलीस, त्या गोष्टीचं दुकानात हे झालंय मामा, ससा. आणि अंडी, चॉकलेटची, चांदी गुंडाळलेली. अंड्यातून पिल्लू निघतं ते निघायचंच असतं म्हणून निघतं. त्यात उठलं कोण? मी मित्राला ऑम्लेट खिलवलं आणि म्हटलं, खा, हॅपी ईस्टर, तुझा पण तेवढाच झाला जेवढा त्या सशाचा.

त्याच आठवड्यात एक भलतंच झालं. शिफ्ट सुटल्यावर शेअर ऑटो मला न घेताच निघाली. मी मागून ओरडलो, "ओ भैया, रोको!" आणि जो आवाज निघाला तो माझा नव्हता. तुझा होता. खरखर, वाळू, सगळं. ऑटो थांबली, आतले सहाजण वळून बघायला लागले. तू होतास तेव्हा इतकी मेहनत करून जो निघाला नाही, तो आता फुकट निघाला. मी गुडगावपर्यंत तोंड मिटून बसलो. कोणी भाडं मागितलं तेव्हा पण नुसती नोट पुढे केली.

ईस्टरच्या पहाटे मामीने तुझी खाकी शाल घेतली. आम्ही गेलो. अंधारात सगळे आत बसले, मामी तिसऱ्या बाकावर, कडेला, तुझी जागा मोकळी सोडून. सेक्रेटरी काकांनी मला खुणेने बाहेर बोलावलं, टॉर्च धरायला. टॉर्च कशाला? तर त्यांनी हाक कागदावर लिहून आणली होती. मामा, तीन शब्द! आणि नातवाचा ब्लूटूथ स्पीकर आणला होता, माइकसकट. "मागे बसलेल्यांना पण क्लिअर गेलं पाहिजे," ते म्हणाले.

फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी माइकवर दोनदा टकटक केलं. "हॅलो. हॅलो." आतून कुणीतरी सवयीने उत्तर द्यायला लागलं आणि थांबलं. मग काकांनी चष्मा लावला आणि वाचलं, "प्रभू... उठलेला आहे." जसं काही 'खालील कर्मचारी रजेवर आहेत'.

आतून पुटपुटल्यासारखं आलं, खरोखर उठला आहे. पुढच्या बाकांचं झालं तरी मागच्या बाकांचं चालूच. बोअर झालेल्या वर्गाची हजेरी. एकही कुत्रं भुंकलं नाही.

रस्त्यावरच्या दिव्याच्या अंधुक उजेडात, फाटकाच्या सळ्यांमधून आणि चर्चच्या उघड्या दारातून मला आतलं तिसरं बाक दिसत होतं. शाल दिसत होती. तोंड दिसत नव्हतं, पण ते बंद होतं हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

काकांनी दुसऱ्यांदा वाचलं. ह्या वेळेस स्पीकरने मधेच बाईच्या आवाजात कनेक्ट झाल्याचं सांगितलं. आत कोणीतरी हसलं. खरोखर उठला आहे, अजून मऊ. शाल तशीच. फक्त मान थोडी वर झाली होती, मला वाटलं, ती आता उठून जाणार.

आणि मला राग आला मामा. काकांचा तर आलाच, पण तुझा पण. जिवंतपणी रोज एवढं ओरडायचास, आणि आज, जेव्हा ह्या बाईला एकदा ऐकायचंय, तेव्हा गप्प. काका तिसऱ्यांदा घसा साफ करत होते. मी टॉर्च बंद केला.

"अरे, लाईट!" काका म्हणाले.

मी तोंड उघडलं. 'प्रभू उठला हाय रंऽऽ!'

तू होतास. मी नाही, तू. समोरच्या गल्लीतली कुत्री एकदम उठली. कुठेतरी वरच्या मजल्यावर खिडकी उघडली. आणि आतून 'खरोखर उठला आहे!' असं आलं की काकांच्या हातातला कागद पडला. आणि त्या सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या आधी, एक बाईचा आवाज होता, चिरका, तुटलेला, भांडणात निघतो तसला. शाल उभी राहिली होती.

मेणबत्त्या पेटल्या. पोरं रडत होती, म्हातारे रडत होते. पाळकांनी पालवीचं प्रवचन गुंडाळून खिशात ठेवलं, देव त्यांचं भलं करो. काका मला म्हणाले, "हे प्रोटोकॉलमध्ये बसत नाही," पण त्यांचे डोळे पण ओले होते आणि ते मला अजिबात आवडलं नाही. मी मनात म्हणत होतो, बघ मामा, जमलं. जे तुमच्या पाळकांना, कमिटीला, प्रार्थनेला जमलं नाही ते ह्या वाया गेलेल्या भाच्याने केलं. मामीने म्हटलं! चहाच्या टेबलाशी लोक माझी पाठ थोपटत होते आणि मी थोपटून घेत होतो. मामी माझ्याकडे पाठ करून कप विसळत होती. मला वाटलं, भरून आलंय.

मग आम्ही सगळे कबरस्तानात आलो. तू होतासच तिथे. दुसऱ्यांच्या कबरींवर फरशा, तुझी अजून मातीच, भेगा पडलेली. मामीने फुलं ठेवली, मेणबत्ती मातीत खोचली, वारा आला, विझली, परत पेटवली. बाकीचे आपापल्या माणसांकडे गेले होते. मी पलीकडे उभा होतो, ती अलीकडे, आणि तू मधे, चक्क गप्प.

"इकडे बघ," मामी म्हणाली.

मी बघितलं.

"लाज आहे का थोडी?"

"मामी, मी तर..."

"तोंड बंद. बरंच चाललंय सकाळपासून. तुला काय वाटलं, मला कळलं नाही? लग्न झाल्यापासून त्या आवाजाला ओ देत आलेय मी. बाथरूममधून टॉवेल मागायचा तरी असाच ओरडायचा हा माणूस. पहिल्या शब्दाला माझं काळीज लक्क झालं, दुसऱ्या शब्दाला कळलं की हा अभ्या मेला आहे."

"पण तू उत्तर दिलंस ना!"

"तुला दिलं?" तिने मातीचं एक ढेकूळ उचललं. मला वाटलं, मारते. तिने ते फोडून भेगेत भरलं. "तुला नाही दिलं. ह्यांना पण नाही दिलं. त्या सेक्रेटरीच्या दुसऱ्या हाकेलाच माझ्या ओठावर आलं होतं. त्या बिचाऱ्याला हाक मारता येत नाही, कागद बघून वाचतो, डबडं मधेच बोलतं, सगळं खरं. पण बातमी तीच होती ना? का पोस्टमन तोतरा असला की पत्र खोटं होतं? मी बसले होते तिथे आणि मला कळलं, की हे इतकं वाईट सांगितलं तरी मला खरं वाटतंय. ह्यांच्या आवाजाशिवाय खरं वाटतंय. तिसऱ्या हाकेला मी उठून म्हणणारच होते. स्वतःच्या पायावर. आणि तू मधे घुसलास, मोठा नाटकवाला! आता मंडळी जन्मभर काय सांगणार? शिरसाठबाईंनी मेलेल्या नवऱ्याच्या आवाजाला ओ दिली. मी प्रभूला ओ देत होते रे गाढवा! तेवढं एक माझं होतं, ते पण तू खाल्लंस."

मी खाली बघितलं. खाली तू होतास. तुझ्याकडून काही मदत नाही.

"आणि ऐक. तो आवाज परत काढायचा नाही. घरी नाही, मंडळीत नाही, तुझ्या त्या मानेसरला पण नाही. कोणी रडून मागितला तरी नाही. मी मागितला तरी नाही! कोणाची वस्तू आहे ती? माणूस जरा आडवा झाला की लगेच त्याचं सामान वापरायला काढायचं? उठतील तेव्हा त्यांना घसा लागणार आहे. आणि उठल्या उठल्या पहिल्यांदा तुझा कान धरतील, सांगून ठेवते, आणि तेव्हा मी मधे पडणार नाही."